पक्षी नाचतो पण गात नाही: गाणाऱ्या पेट्यांच्या आतलं काम

पिनियन

तपकिरीच्या डबीएवढी पेटी. वरच्या पत्र्यात लंबगोल छोटं झाकण. पुढची कळ सरकवली की झाकण टपकन उघडतं आणि दीड-दोन सेंटिमीटरचा पक्षी उभा राहतो. तो डावीउजवीकडे वळतो, चोच उघडतो, पंख फडफडवतो, पंधरा-वीस सेकंद गातो. मग आडवा होतो आणि वरून झाकण मिटतं. या पेट्यांवर मराठीत फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा. मालक सगळ्यात जास्त वेळा हेच सांगतात की पक्षी हलतो पण आवाज येत नाही, किंवा नुसती फुसफुस येते. तिथपर्यंत यायचं तर आधी आत काय आहे ते बघावं लागेल.

पूर्वपीठिका थोडक्यात. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पाळीव कॅनरीला सूर शिकवायला हाताने फिरवायची छोटी बाजाची पेटी असे. तिच्यात प्रत्येक सुराला वेगळी नळी. एवढ्या नळ्या डबीत मावणं शक्यच नव्हतं. १७८०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पियेर जाके-द्रो, त्याचा मुलगा आंरी-लुई आणि त्यांचा भागीदार जाँ-फ्रेदेरिक लेशो यांच्या वर्तुळात एकच शिट्टी आणि तिच्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या ही युक्ती रुळली, आणि पक्षी खिशात आला. त्यांच्यासाठी पक्ष्यांची यंत्रं करणारा जाकोब फ्रिसार हे नाव लक्षात ठेवा. पुढे जिनिव्हात रोशा बंधू आणि शार्ल ब्रुगिए, पॅरिसमध्ये ब्लेझ बोंतेम्, विसाव्या शतकात जर्मनीच्या ट्रायबर्ग गावी कार्ल ग्रीसबाउम. स्वित्झर्लंडच्या सेंत-क्रुआमधल्या रूज कंपनीने १९६०मध्ये बोंतेम्‌ची कंपनी विकत घेतली.

आता यंत्र. बॅरलमध्ये, म्हणजे गोल डब्यात, किल्लीने भरायची मेनस्प्रिंग. तिथून चाकांची रांग निघते आणि शेवटी गव्हर्नर, म्हणजे हवा कापत गरगरणारं, वेग आवरणारं छोटं पातं. वाटेत ही रांग दोन कामं करते. एका क्रँकने भाता हलवते आणि एका आसावर रचलेल्या कॅमच्या, म्हणजे कडा वरखाली कापलेल्या, चकत्या फिरवते. भात्याचे दोन भाग. एक पंप, दुसरा साठा, आणि साठ्यावर पातळ स्प्रिंगचा दाब. हार्मोनियम आतून पाहिलेल्याला हे वेगळं समजावायला नको, मांडणी तीच. फरक इतकाच की इथे सगळा भाता काडेपेटीहून लहान असतो.

कॅमच्या कडेवर पोलादी बोटं टेकलेली असतात. एक बोट दट्ट्या सरकवतं, म्हणजे सूर ठरवतं. दुसरं शिट्टीकडे जाणारी हवेची झडप उघडतं-मिटतं. बाकीची चोच, शेपूट, पंख आणि अंगाचं वळणं सांभाळतात. पक्ष्याच्या पायाखालच्या बारीक नळीतून तारेसारख्या दांड्या वर जातात आणि चोच-पंख हलवतात. पक्ष्याच्या पोटात भाता नाही, शिट्टीही नाही. आवाज येतो तो पेटीच्या तळातून. म्हणूनच जाळी किंवा तळाची भोकं बुजली की आवाज दबतो, आणि लोक उगाच यंत्र उघडून बसतात.

खरज

शिट्टीचं गणित मांडतो, त्यावरून कारागिरीची अडचण कळेल. एका टोकाला बंद असलेल्या नळीचा सूर तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा असतो. म्हणजे ३,००० हर्ट्झला आतली लांबी साधारण २८ मिमी, ५,०००ला १७ मिमी. एक सप्तक वर जायचं तर लांबी निम्मी, म्हणजे ३४ची १७. ही झाली कागदावरची आकडेमोड, तोंडाच्या आकारामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो.

समजा कॅम आणि दट्ट्या यांच्यातला लिव्हर हालचाल चौपट करतो. मग कॅमच्या कडेवर ०.१ मिमीची चूक दट्ट्यापाशी ०.४ मिमी होते. ४,००० हर्ट्झला लांबी २१ मिमी आहे, म्हणजे जवळजवळ दोन टक्के. कोमल आणि शुद्ध गंधारात जेवढं अंतर, त्याचा तिसरा हिस्सा. हे कानाला कळतं. जुन्या लोकांनी हे कानस आणि भिंग घेऊन हाताने साधलं.

आणखी एक. दट्ट्या सरकत असताना हवा चालूच राहिली तर ऐकू येते ती निव्वळ मींड, बाजारात मिळणाऱ्या सरकत्या शिट्टीसारखी. पक्षी वाटतो तो झडपेमुळे. दट्ट्या नव्या जागी जाईपर्यंत झडप बंद, पोचला की क्षणभर उघडी, पुन्हा बंद. मधेच एखादी मींड मुद्दाम मोकळी सोडलेली असते. म्हणून सुराच्या कॅमपेक्षा झडपेच्या कॅमवर जास्त दात दिसतात. आणि म्हणूनच झडपेची गादी झिजली की सूर बरोबर असूनही गाणं "पुसट" होतं, खटके जातात.

वाकडा_आरा

पिनियनराव, उत्तम सुरुवात. खरजचा झडपेचा मुद्दा तर सोन्यासारखा. आता "पक्षी हलतो पण गात नाही" याची तपासणी.

हलतो याचा अर्थ स्प्रिंग, रांग आणि कॅम चालू आहेत. दोष हवेच्या वाटेवर आहे. शक्यतेच्या उतरत्या क्रमाने सांगायचं तर पहिला संशय भात्याच्या कातडीवर, मग आतल्या झडपांवर, मग अडकलेल्या दट्ट्यावर, आणि शेवटी शिट्टीच्या फटीत बसलेल्या कचऱ्यावर.

यंत्र पेटीबाहेर काढल्यावर साठ्याकडे बघा. चालू असताना साठा फुगून वर राहायला हवा, गाण्यातल्या लांब सुराला किंचित खाली बसून पुन्हा उठायला हवा. उठतच नसेल तर पंप हवा देत नाही किंवा हवा गळतेय. साठा फुगतो पण आवाज नाही, तर दोष झडपेत किंवा शिट्टीत. एवढ्यावरून निम्मं निदान होतं.

गळती शोधायला खोलीत अंधार करून भात्यामागे बारीक दिवा धरा. घडीच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. भोकं नेहमी तिथेच, कारण तीन घड्या एकत्र येतात आणि दर गाण्यात शेकडो वेळा दुमडतात. साबणाचं पाणी चुकूनही लावू नका, कातडी आवळून जाते. अगरबत्तीच्या धुराने तपासणारे आहेत, पण तो चिकट थर झडपांवर बसतो. नको.

दट्ट्यासाठी शिट्टी सुटी करून उभी धरा. दट्ट्या स्वतःच्या वजनाने हळू खाली यायला हवा. नळीचं तोंड बोटाने बंद केलं की थांबायला हवा. पहिलं होत नसेल तर आत वाळलेलं तेल आहे, दुसरं होत नसेल तर झीज.

मोरपंखी

दट्ट्याला तेल घालावं का? घड्याळाचं अगदी थेंबभर?

वाकडा_आरा

नाही, मोरपंखीताई. अजिबात नाही. या पेट्यांचा सगळ्यात मोठा शत्रू तेल. कोणीतरी प्रेमाने शिट्टीत थेंब सोडतं, वर्षा-दोन वर्षांत त्याचा डिंक होतो, दट्ट्या कॅमच्या मागे रेंगाळतो आणि सूर खाली राहतात. दट्ट्या आणि नळी शुद्ध बेन्झिनने (पेट्रोलियम स्पिरिट, विषारी बेन्झीन नव्हे) पुसून कोरडी ठेवायची. तेल फक्त चाकांच्या आसांना, तेही तेलकाडीच्या टोकावर जेवढं राहील तेवढं. गव्हर्नरच्या वरच्या आसाला सगळ्यात कमी. भात्याच्या क्रँकला तेल दिलंत तर तिथून ते कातडीवर उडणार नाही हे पाहा, तेल लागलेल्या कातडीवर सरस धरत नाही.

सरस

नाव वाचून ओळखलंच असेल, भात्याचं मी लिहिते.

कातडी म्हणजे चामडं नव्हे. जनावराच्या आतड्याची झिल्ली असते, सोन्याचा वर्ख कुटणारे ज्या झिल्लीच्या थप्पीत कुटत आले तीच जात. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, पण घडी सोसणारी. जाड घेतलीत तर हवा गळणार नाही, पण भाता उघडायला जोर लागेल आणि इवलीशी स्प्रिंग दमेल. पक्षी आळसावल्यासारखा गायला लागला की नव्याने बदललेली जाड कातडी हे ठरलेलं कारण.

काम असं. भाता सुटा करण्याआधी चारही बाजूंनी फोटो. जुनी कातडी फेकायची नाही, कोमट ओलसर कापसाच्या बोळ्याने सरस मऊ करून अख्खी सोडवायची आणि सपाट करून कागदावर तिचा साचा काढायचा. घड्यांच्या रेघासुद्धा साच्यावर घ्यायच्या. पाट्या लाकडाच्या असतील तर भिजवायच्या नाहीत, फुगतात. मग नवी झिल्ली साच्यावर ठेवून कापायची, चिकटपट्टीला दीड मिमी जास्त ठेवून. घड्या चिकटवण्याआधीच पाडायच्या, हाडाच्या बोथट सळईने. नखाने नको.

सरस पाण्यात रात्रभर फुगवून दुहेरी भांड्यात साधारण ६० अंशांवर गरम. उकळला की त्याची पकड जाते, तो टाकून द्यायचा. दुधाएवढा पातळ, ब्रशच्या टोकाने, एका वेळी एकच कड. बिजागरीची बाजू आधी. वाळताना भाता अर्धा उघडा ठेवायचा, पूर्ण मिटवून वाळवला तर उघडताना कोपरे फाटतात आणि ताणून वाळवला तर मिटत नाही. चोवीस तास हात लावायचा नाही.

आतल्या पडदीझडपा त्याच झिल्लीच्या छोट्या पट्ट्या असतात, दोन टोकांना चिकटवलेल्या, मधे सैल. घट्ट बसवल्या तर हवा आत येणार नाही, फार सैल सोडल्या तर फडफड ऐकू येते. भाता नवा आणि झडपा जुन्याच ठेवल्या, हा प्रकार नेहमी दिसतो. मग महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार.

पंपवाला

सरसताई, प्लॅस्टिकची फिल्म आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वापरला तर? दमट हवेत टिकेल ना?

सरस

फिल्म घडीत कडक राहते आणि गोंद तिला धरत नाही. पांढरा गोंद झिल्लीला छान धरतो, तीच अडचण. पुढच्या माणसाला तो पाण्याने सोडवता येत नाही, खरवडताना पाटी जाते. सरस सोडवता येतो म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीच्या पेट्या आज दुरुस्त होतात.

पिनियन

एक सुरक्षेची गोष्ट राहिली, ती सगळ्यांच्या वर हवी होती. काहीही उघडण्याआधी मेनस्प्रिंग उतरवा. किल्ली बॅरलच्या चौकोनात घट्ट धरायची, दातेरी चाकाला अडवणारा खटका बाजूला करायचा आणि किल्ली हातातल्या हातात हळूहळू सोडत जायचं. भरलेल्या स्प्रिंगवर गव्हर्नर काढलात तर चाकांची रांग सुसाट सुटते आणि एका सेकंदात आस वाकतात, दात तुटतात. हे दात बाजारात मिळत नाहीत, नवं चाक कापून घ्यावं लागतं.

गव्हर्नरचा वेगही आवाजाशी जोडलेला आहे. सूर दट्ट्या ठरवतो, त्यामुळे यंत्र वेगात चाललं म्हणून सूर चढायला नको. पण भाता जोरात हलतो, दाब वाढतो आणि शिट्टी वरच्या सुरावर उडी मारते, किंचाळल्यासारखी. वेग कमी झाला की दाब पडतो आणि तळचे सूर नुसते श्वासासारखे येतात. म्हणून भाता बदलल्यावर गव्हर्नर पुन्हा जुळवावाच लागतो.

जुनेपुराणे

काळ ओळखण्याबद्दल दोन शब्द, कारण विकणारे प्रत्येक पेटीला "१८व्या शतकातली" म्हणतात.

आत शंकूच्या आकाराचा फ्यूजी आणि सायकलच्या चेनची इवलीशी बहीण दिसली तर पेटी बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली किंवा त्याआधीची. फ्यूजीचं कारण सरळ आहे, स्प्रिंग उतरत जाईल तसा जोर कमी होतो, शंकू ती घट भरून काढतो. नंतरच्या यंत्रांत चेन गेली, बॅरल थेट रांगेला जोडलं. रोशा बंधूंच्या यंत्रावर लंबगोलात "एफ आर" अशी रोमन अक्षरं ठोकलेली असतात. ग्रीसबाउमच्या किल्लीवर "के जी". पण किल्ली बदललेली असू शकते, शिक्का यंत्रावरच शोधा. रोशांनी पिस्तुलाच्या नळीतून पक्षी बाहेर येतो अशाही वस्तू केल्या. त्यांच्या नकला आणि "जोडजमाव" पुष्कळ फिरतात, म्हणजे जुनी डबी आणि विसाव्या शतकातलं यंत्र. यंत्राच्या स्क्रूंची भोकं आणि डबीतली भोकं जुळतात का ते बघा. जुनी बुजवलेली भोकं दिसली की समजा.

बोंतेम्‌चं गाणं आणि ग्रीसबाउमचं गाणं कानाने वेगळं ओळखू येतं असं माझं मत. बोंतेम्‌मध्ये श्वास घ्यायच्या जागा जास्त आहेत.

खरज

सहमत. ग्रीसबाउम ताना घेतो.

मोरपंखी

पिसांबद्दल. चांगल्या पेट्यांत हमिंगबर्डची पिसं असतात. त्यांची हिरवी-निळी झळाळी रंगद्रव्याची नाही, पिसाच्या सूक्ष्म रचनेची आहे. म्हणून उजेडात ती रंगवलेल्या पिसांसारखी पटकन विटत नाहीत, पण तेल लागलं की काळी दिसतात. बोटाने कुरवाळू नका. धूळ मऊ सुक्या ब्रशने, डोक्याकडून शेपटीकडे, उलट कधीच नाही.

मुंबई आणि कोकणात खरी अडचण पावसाळा. आर्द्रता ८०च्या वर गेली की सरस मऊ पडतो, पिसांवर बुरशी येते. ४५ ते ५५ टक्के चांगलं. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, पण सोबत छोटा आर्द्रतामापकही ठेवा. फार कोरडं झालं तर झिल्ली ठिसूळ होते. डांबरगोळ्या आणि कापूर त्याच डब्यात नको, त्यांची वाफ लाखेवर आणि पिसांवर पुन्हा गोठते. पावसाळ्यातही महिन्यातून एकदा पेटी वाजवा. भाता महिनोन्महिने एकाच घडीत राहिला की तिथेच तडकतो.

कायदेपंडित

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी. कासवाच्या पाठीच्या पेट्या हॉक्सबिल कासवाच्या असतात. ते साइटीसच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आणि आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हमिंगबर्ड साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात. वस्तू जुनी आहे एवढ्यावर भागत नाही, कागदपत्रांशिवाय माल सीमाशुल्काकडे अडकतो. चांदी किंवा मुलामा-मीनाकामाची पेटी घेतली तर निदान कासवाचा प्रश्न मिटतो, पिसांचा राहतो. उलट दिशेनेही लक्षात ठेवा. १०० वर्षांपेक्षा जुनी पेटी भारतात असेल तर पुरावस्तू कायदा १९७२ लागतो, खाजगी व्यक्तीला ती बाहेर नेता येत नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीतल्या मंडळींनी मॉरिसटाउनचं मॉरिस म्युझियम बघावं. गिनेस संग्रहातली यांत्रिक वाद्यं आणि स्वयंचलित बाहुल्या तिथे आहेत. युरोपात असाल तर नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचं स्पीलक्लॉक संग्रहालय आणि सेंत-क्रुआचं संग्रहालय.

एक प्रश्न: गाणं संपल्यावर झाकण मिटताना चोच अडकते. यंत्र काढायलाच हवं का?

वाकडा_आरा

लगेच नाही. आधी कळ पुन्हा सरकवू नका आणि पक्षी बोटाने दाबू नका. झाकणही दाबू नका, चोच मोडते ती तिथेच. स्प्रिंग संपून यंत्र मधे थांबलं असेल तर चार-पाच फेरे किल्ली द्या, तो आपोआप आडवा होईल. किल्ली कुठल्या दिशेने ते तळाच्या बाणावर बघा, काही पेट्यांत उलटी असते.

किल्ली भरलेली असूनही अडकत असेल तर भिंगातून बघा, एखादं पीस उभं राहून झाकणाच्या कडेत येतंय का. तेच निघालं तर ओलसर ब्रशने बसवून वाळू द्या. पीस ठीक असेल तर पक्ष्याच्या पायाच्या बिजागरीत चिकटा आहे, तो अर्धा आडवा होऊन रेंगाळतो आणि झाकण वेळेवर येतं. बेन्झिनचा एक थेंब, तेल नाही. त्यानेही गेलं नाही तर झाकणाच्या कॅमचा स्क्रू सैल होऊन वेळ पुढे सरकली आहे. त्यासाठी मात्र यंत्र बाहेर काढावं लागेल. स्प्रिंग उतरवून, पिनियनरावांनी सांगितलं तसं.

एडिसनकर

पीसच होतं. मानेवरचं. आता मिटतंय.